बिदरची पावती आणि अंतराळातील न्यायासन

दामाजीपंतांची कथा आपण कीर्तनांतून इतक्या वेळा ऐकलेली असते, की तिचा शेवट कोठे घडला याचा सहसा विसर पडतो. दुष्काळात मंगळवेढ्याची सरकारी कोठारे पंतांनी रयतेसाठी खुली केली, हे सर्वांच्या लक्षात राहते. परंतु त्याबद्दल जाब विचारला गेला तो बहामनी बादशहाच्या बिदरला. आणि पांडुरंगाने विठू महाराच्या वेषात येऊन धान्याच्या किमतीचा भरणा केला तोही बिदरच्या दरबारात. नौबादेत राहणाऱ्या माणसाला बिदरचा किल्ला अगदी हाकेच्या अंतरावरचा. त्यामुळे ही कथा आम्हांला परगावची वाटत नाही.

भक्ताच्या दृष्टीने ही भगवंताच्या वात्सल्याची कथा आहे. वकिलाची नजर मात्र तिच्यातील एका बारीकशा तपशिलावर खिळते. तो तपशील म्हणजे पावती. देणे पंतांचे होते. भरले दुसऱ्याच कोणी. आणि दरबाराने ते स्वीकारून पावती दिली. त्रयस्थाकडून भरणा एकदा स्वीकारल्यावर मूळ ऋणकोकडे पुन्हा मागणी करता येत नाही, असे आपल्या भारतीय करार अधिनियमाचे, म्हणजे १८७२ च्या कायद्याचे, ४१ वे कलम सांगते. दामाजीपंत कायद्यानेही सुटलेच होते! पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की समोर उभा असलेला कोण आहे हे दरबाराने ओळखले नाही. त्याचे देवत्व तपासण्याचे साधन दरबाराजवळ नव्हते. त्याने व्यवहार पाहिला आणि पावती दिली.

ही कथा अलीकडे वारंवार मनात आली ती एका अगदी वेगळ्या निमित्ताने. ‘स्टार ट्रेक’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या अमेरिकन विज्ञानकथांच्या दूरचित्र-मालिका मी गेल्या काही महिन्यांत क्रमाने पुन्हा पाहिल्या. त्यांपैकी पहिली मालिका ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शनने दाखविली होती, त्यामुळे आमच्या पिढीला तिची तोंडओळख आहे. त्या काळी कौतुक वाटले ते यानांचे, किरणास्त्रांचे आणि टोकदार कानांच्या मिस्टर स्पॉकचे. आता चाळिशी उलटल्यावर त्याच मालिका पाहताना यानांवरून लक्ष उडाले आणि न्यायासनांवर गेले. कारण या सर्व मालिकांत, साठ वर्षांच्या अवधीत, पुनःपुन्हा खटले उभे राहतात. आणि त्या खटल्यांतील मूळ प्रश्न बहुधा एकच असतो : कायद्यापुढे ‘व्यक्ती’ म्हणून कोणाला उभे राहता येते, आणि ज्याला स्वतः बोलता येत नाही त्याच्या वतीने कोणी बोलावे? देवस्थानांशी संबंध असलेल्या वाचकांना हा प्रश्न परका नाही. आपल्याकडील देवळांच्या दाव्यांत तो दीडशे वर्षे गाजतो आहे. म्हणून या मालिकांची तुलना यानांच्या वेगावरून न करता त्यांतील न्यायनिवाड्यांवरून करावी, असे मनात आले.

पहिल्या मालिकेचा जनक जीन रॉडनबेरी हा दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानाचा वैमानिक होता. पुढे त्याने लॉस एंजेलिसच्या पोलीस दलात नोकरी केली आणि तेथून तो लेखनाकडे वळला. ल्युसिल बॉल या अभिनेत्रीच्या देसिलू या संस्थेने मालिकेची निर्मिती हाती घेतली. नमुन्याचा पहिला भाग प्रक्षेपण कंपनीने नाकारला. क्वचितच घडते त्याप्रमाणे दुसरा नमुना मागविण्यात आला, आणि ८ सप्टेंबर १९६६ रोजी मालिका सुरू झाली. अमेरिकेत तो काळ नागरी हक्कांच्या चळवळीचा आणि व्हिएतनामच्या युद्धाचा. अशा वेळी एकाच यानावर कृष्णवर्णीय स्त्री, जपानी वंशाचा सुकाणूधारी आणि पुढे एक रशियन तरुण अधिकारी म्हणून बसलेले दाखविणे ही साधी गोष्ट नव्हती. प्रेक्षकसंख्या मात्र बेताचीच राहिली. चाहत्यांनी पत्रांचा वर्षाव केल्यामुळे तिसरे वर्ष मिळाले, आणि ७९ भागांनंतर ३ जून १९६९ रोजी मालिका संपली. त्यानंतर सात आठवड्यांच्या आतच मनुष्याने चंद्रावर पाऊल ठेवले.

या मालिकेत फेब्रुवारी १९६७ मध्ये ‘कोर्ट मार्शल’ हा भाग दाखविला गेला. कप्तान कर्कवर आरोप असा, की धोक्याचा इशारा होण्यापूर्वीच त्याने यानाचा एक कक्ष तोडून अवकाशात सोडला व त्यामुळे एक सहकारी प्राणास मुकला. पुरावा एकच, पण तो निर्णायक दिसतो : यानाच्या संगणकाची नोंद. कर्कचा वकील कॉग्ली हा जुन्या वळणाचा गृहस्थ. खोलीभर कायद्याची पुस्तके मांडून बसणारा आणि संगणकाकडे ढुंकूनही न पाहणारा. त्याचा युक्तिवाद असा, की आरोपीला साक्षीदाराच्या समोरासमोर उभे राहण्याचा हक्क आहे, आणि येथे साक्षीदार एक यंत्र असेल तर न्यायालयाने त्या यंत्रापर्यंत जावे. स्पॉक संगणकाशी बुद्धिबळ खेळतो आणि सहज जिंकतो. वस्तुतः असे होणे शक्य नसल्यामुळे नोंदींत फेरफार झाल्याचे सिद्ध होते. ‘मृत’ सहकारी यानातच दडून बसलेला सापडतो.

आपल्या पुरावा कायद्यात इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी ६५-ब हे कलम २००० साली आले, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते ६३ वे कलम म्हणून पुढे चालू आहे. यंत्राची नोंद तिच्या विश्वासार्हतेच्या प्रमाणपत्राशिवाय पुढे करता येऊ नये, हे त्यामागील तत्त्व आहे. कॉग्लीने ते फार आधी नाटकरूपाने मांडले होते. तथापि पहिल्या मालिकेची मर्यादाही येथेच दिसते. तिच्या दृष्टीने माणूस एका बाजूस आणि यंत्र दुसऱ्या बाजूस. माणसाच्या प्रतिष्ठेसाठी यंत्राला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते; यंत्राचीही काही प्रतिष्ठा असू शकेल, हा विचार तेथे फारसा शिरत नाही.

तो शिरायला दहा-बारा वर्षे जावी लागली. डिसेंबर १९७९ मध्ये प्रदर्शित झालेल्या पहिल्या चित्रपटात एक अतिप्रचंड यंत्र विश्व पार करून येते ते आपल्या निर्मात्याच्या शोधात. त्या यंत्राच्या वतीने बोलणारी प्रतिमा साकारली होती मुंबईच्या पर्सिस खंबाटा यांनी. १९६५ च्या ‘मिस इंडिया’ असलेल्या या अभिनेत्रीने त्या भूमिकेसाठी आपले केस पूर्णपणे उतरविले होते. निर्मात्याच्या भेटीसाठी तळमळणारे यंत्र! कथेची मांडणी संथ असली तरी हा विरहभाव भक्तिमार्गाच्या वाचकाला ओळखीचा वाटावा असाच आहे.

पुढे सप्टेंबर १९८७ मध्ये ‘द नेक्स्ट जनरेशन’ ही दुसरी मोठी मालिका सुरू झाली आणि मे १९९४ पर्यंत तिचे १७८ भाग झाले. हिच्यात डेटा नावाचा यंत्रमानव यानावरचा अधिकारी आहे. फेब्रुवारी १९८९ मध्ये ‘द मेझर ऑफ अ मॅन’ हा भाग आला. तो मेलिंडा स्नॉडग्रास या लेखिकेने लिहिला. तिच्या गाठीशी वकिलीचा अनुभव होता, आणि तो प्रत्येक प्रवेशात जाणवतो. मॅडॉक्स नावाच्या शास्त्रज्ञाला डेटाचे भाग सुटे करून त्याच्यासारखे अनेक यंत्रमानव घडवायचे असतात. त्यासाठी बदलीचा हुकूम निघतो. डेटा राजीनामा देतो. तेव्हा मॅडॉक्सचा आक्षेप असा, की डेटा ही दलाची मालमत्ता आहे. मालमत्तेला राजीनामा देता येत नाही.

न्यायाधीश फिलिपा लुव्हा यांच्याकडे पुरेसे कर्मचारी नसल्यामुळे डेटाच्या विरुद्ध बाजू मांडण्याचे काम त्याचाच मित्र रायकर याच्यावर येते. त्याने ते मनापासून केले नाही तर निकाल सरळ डेटाच्या विरुद्ध जाईल, अशी अट. रायकर भर न्यायालयात डेटाचा हात काढून दाखवितो आणि त्याच्या पाठीवरील कळ दाबून त्याला निश्चेष्ट करतो. बचावाला असलेल्या कप्तान पिकार्डच्या पायांखालची वाळूच सरकते. मग गायनन नावाची एक वृद्ध, अनुभवी स्त्री त्याला हळूच सुचविते, की अशा हजारो डेटांची फौज उभी राहिली आणि त्यांच्या इच्छेला काही किंमत नसली, तर त्या अवस्थेला जुन्या काळी एक नाव होते. ते नाव गुलामगिरी. १८५७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट या गुलामाला दावा लावण्याचाच अधिकार नाकारला होता. त्या कलंकित निवाड्याची छाया या प्रसंगावर पडलेली आहे. निकाल देताना न्यायाधीश म्हणतात ते साधारण असे : डेटाला आत्मा आहे की नाही, मला ठाऊक नाही, मला स्वतःला तो आहे की नाही, हेही मी सांगू शकत नाही, परंतु हा प्रश्न शोधण्याचे स्वातंत्र्य त्याला असले पाहिजे. तो कोणाची मालमत्ता नाही.

हा भाग दुसऱ्यांदा पाहताना मला १९२५ सालच्या एका निवाड्याची आठवण झाली. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे आलेला तो दावा होता कलकत्त्याच्या मल्लिक घराण्याचा. कुलदेवतेच्या पूजेची पाळी तीन भावांकडे क्रमाने येई. त्यांतील एकाचे म्हणणे, की आपल्या पाळीत मूर्ती आपल्या घरी नेता यावी. प्रिव्ही कौन्सिलने सांगितले, की मूर्ती ही केवळ जंगम वस्तू नव्हे. तिला कायद्यात व्यक्तिमत्त्व आहे, आणि ती कोठे असावी याविषयी तिची इच्छाही मानली पाहिजे. ती इच्छा न्यायालयापुढे मांडण्यासाठी ज्याचा स्वतःचा कोणताही स्वार्थ गुंतलेला नाही असा वादमित्र नेमावा, असा हुकूम करून दावा परत पाठविण्यात आला. मालमत्ता की व्यक्ती? बदली मान्य की अमान्य? तिच्या वतीने कोण बोलणार? चौसष्ट वर्षांनंतर अमेरिकेतील एका चित्रगृहात उभ्या केलेल्या न्यायासनापुढे हेच तीन प्रश्न आले. मल्लिकांच्या ठाकुरजींना वादमित्र मिळाला, डेटाला पिकार्ड मिळाला.

आपल्या शास्त्रकारांनी हा विषय इतक्या सहजतेने सोडविला होता, असे मात्र कोणी समजू नये. जैमिनीच्या मीमांसासूत्रांवरील भाष्यात शबरस्वामी स्पष्ट म्हणतात, की देवतेला शरीर नाही, ती भोग घेत नाही, म्हणून मुख्य अर्थाने ती धनाची स्वामीही नाही. देवाचे गाव, देवाचे शेत हे बोलणे लाक्षणिक आहे. म्हणजे देवतेच्या स्वामित्वाविषयीची शंका सर्वप्रथम कोणा परकीयाने काढली नाही. ती आपल्याच परंपरेत मोकळेपणाने काढली गेली. आधुनिक न्यायालयांनी या वादातून मार्ग काढला तो दात्याच्या संकल्पाचा आधार घेऊन. दात्याने जो धर्महेतू मनात धरून दान दिले, तो हेतू मूर्तीच्या रूपाने कायद्यापुढे उभा राहतो. देवत्वाचा निर्णय न्यायालय करीत नाही. बिदरच्या दरबाराप्रमाणे तेही व्यवहार पाहते आणि पावती देते.

या विचाराचे फळ काय, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या १८८७ च्या डाकोर निवाड्यात दिसते. रणछोडरायांपुढे येणारे द्रव्य आपलेच, असे सेवकांचे म्हणणे होते. न्यायालयाने ते अमान्य करून त्यांना हिशेबाला बांधून घेतले. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली ठाकूर राधावल्लभजींच्या दाव्यात आणखी पुढे जाऊन सांगितले, की सांभाळ करणाराच देवाच्या हिताविरुद्ध वागू लागला, तर साधा भक्तही देवाच्या वतीने दावा लावू शकतो. १९६९ साली ठरले, की देवतेवर आयकरही बसू शकतो. हक्क आले तेथे जबाबदारी चुकत नाही, याचे याहून रोकडे उदाहरण कोणते? आणि २०२१ च्या सप्टेंबरात त्याच न्यायालयाने पुन्हा बजावले, की देवस्थानच्या जमिनीचा मालक देव. पुजारी हा व्यवस्था पाहणारा, म्हणून महसुली दप्तरात मालक म्हणून त्याचे नाव असण्याचे कारण नाही. आमच्या भागात ज्याला पहाणी म्हणतात आणि महाराष्ट्रात सातबारा, त्या एका कागदावरील एका ओळीने किती देवळांची दिवाबत्ती विझली व किती टिकली, हे आपल्या वाचकांपैकी पुष्कळांना अनुभवाने माहीत असेल.

डेटाचा भाग प्रसारित होण्याच्या एक वर्ष आधी, १९८८ साली, लंडनच्या न्यायालयात तमिळनाडूतील पत्तूर येथील नटराजाच्या मूर्तीचा निकाल लागला होता. १९७६ मध्ये ती मातीखालून निघाली, हस्ते-परहस्ते विलायतेस गेली, आणि कॅनडातील एका कंपनीने ती विकत घेतली. १९९१ मध्ये वरच्या न्यायालयाने, भग्नावस्थेतील ते मंदिर इंग्लंडच्या न्यायालयातही पक्षकार होऊ शकते, हे मान्य केले. आणि त्याच वर्षी नटराज मायदेशी परतला. जे देऊळ शतकानुशतके ओसाड पडले होते, त्याने सातासमुद्रापलीकडे आपला देव मागितला व मिळविला. याच्या उलट सोळाव्या शतकातील गोमंतकाकडे पाहावे. १५६० च्या सुमारास कुशस्थळीचा मंगेश भक्तांनी नदीपार प्रियोळला नेला. तेव्हा त्याच्या वतीने उभे राहता येईल असे न्यायासनच नव्हते. देवळे पडली, देवांच्या जमिनींचे उत्पन्न दुसऱ्या धर्मसंस्थांकडे वळले. तेथे वादमित्राचे काम केले ते रात्रीच्या अंधारात देव डोक्यावर घेऊन निघालेल्या महाजनांनी.

आता तिसऱ्या मालिकेकडे वळू. ‘डीप स्पेस नाइन’ ही १९९३ ते १९९९ या काळात चालली. यानाऐवजी एका अवकाशस्थानकावर ती घडते, म्हणून तिच्यात गावाचा, वसाहतीचा, देवळाचाही अनुभव येतो. शेजारच्या बजोर ग्रहावरील लोक परचक्रातून नुकतेच मुक्त झालेले आणि अत्यंत धर्मनिष्ठ. या मालिकेत धर्माकडे कौतुकाने किंवा कुचेष्टेने न पाहता गांभीर्याने पाहिले आहे, आणि म्हणूनच मला ती सर्वांत जवळची वाटली.

तिच्या पहिल्याच वर्षात ‘डॅक्स’ हा भाग आहे. जॅडझिया डॅक्स या तरुणीच्या शरीरात एक दीर्घायुषी जीव वास करतो. देह बदलतात, तो जीव आणि त्याच्या सर्व देहांच्या स्मृती पुढे चालतात. तिच्या आधीच्या देहाने, म्हणजे कर्झनने, तीस वर्षांपूर्वी एका सेनापतीचा घात केला असा आरोप करून मृताचा मुलगा तिला स्वाधीन करून घ्यायला येतो. बजोरची एक शतायुषी न्यायाधीश सुनावणी घेते. प्रश्न असा : मागल्या देहाच्या अपराधासाठी या देहाला शिक्षा करता येईल काय?

येथे बिदरचा माणूस कान टवकारतो. गुरुचरित्राच्या नवव्या अध्यायात कुरवपूरच्या रजकाची कथा आहे. राजवैभव पाहून त्याच्या मनात वासना उत्पन्न होते, आणि श्रीपादश्रीवल्लभ त्याला पुढील जन्मी यवनकुळात राज्य मिळेल असा वर देतात. ग्रंथात वैदुरानगरी म्हणून येणारे ते राजधानीचे शहर म्हणजे आमचे बिदर. पन्नासाव्या अध्यायात तो राजा व्याधीने त्रस्त होऊन नृसिंहसरस्वतींना भेटतो आणि त्या दर्शनाने त्याला पूर्वजन्मीचे सेवकपण आठवते. आज कलबुर्गी जिल्ह्यात असलेले गाणगापूर आणि बिदर यांना जोडणारी ही कथा जन्मांतरातून ओळख कशी टिकते याचीच आहे. परंतु तिच्यात आणि डॅक्सच्या खटल्यात एक भेद आहे. कर्माचा हिशेब गुरूपुढे होतो. तेथे साक्षीदार चुकत नाही. न्यायालयाला तो अधिकार घेता येत नाही, कारण मागील जन्म त्याच्या अधिकारक्षेत्राबाहेरचा. आपल्याकडे आरोपी मरण पावला की त्याच्यावरील खटला संपतो. ऋणाबद्दल मात्र हिंदू कायदा फार काळ निराळा होता. पित्याचे व्यावहारिक कर्ज फेडणे हे पुत्रपौत्रांचे धर्म्य कर्तव्य मानून न्यायालये त्याची अंमलबजावणी करीत. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने ते नव्या कर्जांपुरते बंद झाले. ‘डॅक्स’ या भागातही शेवटी मूळ प्रश्नाचा निकाल लागत नाही. सेनापतीची विधवा पुढे येऊन सांगते, की ज्या वेळी ते कृत्य घडले त्या वेळी कर्झन तिच्याजवळ होता. तिने आपली अब्रू पणाला लावून एका निरपराधाला सोडविले. जो कायद्याने सुटला नाही, तो प्रश्न एका माणसाच्या सत्यवचनाने मिटला.

चौथी मालिका ‘व्हॉयेजर’, १९९५ ते २००१. यान घरापासून सत्तर हजारांहून अधिक प्रकाशवर्षे दूर फेकले गेले आहे. तेथे न्यायालय नाही, कप्तान जेनवे हीच सर्वस्व. १९९६ च्या ‘टुव्हिक्स’ या भागात अपघाताने दोन सहकारी मिळून एकच नवा मनुष्य होतो. त्याला जगायचे असते. कप्तान त्याच्या इच्छेविरुद्ध पुन्हा दोघांना वेगळे करते. यानावरचा वैद्यही हे कृत्य करण्यास नकार देतो. ती ते स्वतःच्या हाताने करते. दोन प्राण परत आले, हे खरे. पण त्या एकाच्या बाजूने बोलायला तेथे कोणी नव्हते, हे त्याहून बोचते. सुनावणीशिवाय दिलेला निर्णय कितीही कळकळीचा असला, तरी तो मनाला लागून राहतो.

याच मालिकेतील २००१ चा ‘ऑथर, ऑथर’ हा भाग डेटाच्या खटल्याची पुढची पायरी समजला जातो. यानावरचा तो वैद्य ही प्रकाशाची घडविलेली प्रतिमा आहे. त्याने एक कथा रचली. प्रकाशकाने ती त्याच्या संमतीविना प्रसिद्ध केली व म्हटले, की जो व्यक्तीच नाही त्याला लेखकाचे हक्क कोठले? न्यायनिर्णेत्याने तडजोड केली. वैद्याला ‘कलावंत’ मानून हक्क दिले, ‘व्यक्ती’ मानण्याचे टाळले. वकील म्हणून मला हा निकाल भित्रा वाटतो. परंतु प्रत्यक्षातील न्यायालये अशीच चालतात, हेही मान्य केले पाहिजे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करविणारी व्यक्ती. डिसेंबर २०२३ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेही यंत्राला शोधाचा कर्ता मानण्यास नकार दिला. त्या भागाचा शेवट मात्र विसरता येत नाही. खाणीच्या अंधारात, त्याच वैद्याच्या साच्यातून काढलेल्या अनेक प्रतिमा दगड फोडीत आहेत, आणि त्यांतील एक दुसरीला ती कथा पाहण्याची शिफारस करते. एकाला पावती मिळाली; बाकीचे खाणीतच राहिले.

२००१ ते २००५ या काळातील ‘एंटरप्राइज’ या मालिकेविषयी थोडक्यात एवढेच, की तिच्यातील ‘जजमेंट’ या भागात परक्या साम्राज्याच्या न्यायालयात एक वृद्ध वकील प्रथम नुसता शोभेला उभा असतो. आपल्या तरुणपणी येथे न्यायाची चाड होती, हे आठवून तो एकाएकी खरोखर वकिली करू लागतो आणि त्याचे प्रायश्चित्त भोगतो. माझ्या व्यवसायबंधूंनी तो अवश्य पाहावा. अलीकडच्या ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’मध्ये २०२३ साली उना या अधिकारी स्त्रीचा खटला आहे. तिचा गुन्हा म्हणजे तिचा जन्म. तिच्या जातीच्या लोकांनी शरीररचनेत केलेले बदल कायद्याने निषिद्ध ठरलेले आहेत. ही कल्पना दूरच्या ग्रहावरची म्हणून सोडून देण्याची सोय आपल्याला नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आपल्याच देशातील कित्येक समाजांना जन्मतः गुन्हेगार ठरविले होते. सोलापूरला त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती. कायदा रद्द झाला तो १९५२ साली, म्हणजे राज्यघटना अमलात आल्यानंतरही दोन वर्षांनी.

अशा रीतीने तुलना केली असता मालिकांचा अनुक्रम असा दिसतो. पहिलीने माणसाची प्रतिष्ठा यंत्रापासून राखली. दुसरीने ती यंत्राला दिली. तिसरीने प्रतिष्ठेबरोबर येणाऱ्या पूर्वसंचिताचा प्रश्न विचारला. चौथीने अर्धे दिले, आणि एकदा तर ऐकूनही घेतले नाही. कलागुणांत ‘डीप स्पेस नाइन’ श्रेष्ठ, असे माझे मत. परंतु एकाच भागाची निवड करावयाची झाल्यास मी डेटाच्या खटल्याकडे बोट दाखवीन. त्याचे कारण निकालात नाही, तर निकालानंतरच्या एका छोट्या प्रसंगात आहे. मित्राविरुद्ध उभे राहावे लागले म्हणून रायकर विजयोत्सवाला येत नाही. डेटा त्याला शोधून काढतो आणि सांगतो, की तू नकार दिला असतास तर निकाल माझ्या विरुद्धच गेला असता. स्वतःला घायाळ करून घेऊन तू मला वाचविलेस. विरुद्ध बाजूच्या वकिलालाही न्यायात वाटा असतो, हे इतक्या निर्मळपणे क्वचितच कोणी सांगितले असेल.

डेटा आणि देव यांच्यात एक मोठा फरक राहतोच. डेटा सुटला, म्हणजे स्वतःच्या इच्छेने चालू लागला. आपल्या कायद्यातील देव मात्र सदैव अज्ञानी, म्हणजे अल्पवयीन, पक्षकार समजला जातो. ज्याच्यापुढे आपण सज्ञान, संपन्न माणसे हात जोडतो, तो न्यायालयात पालकाशिवाय पाऊल टाकू शकत नाही. नैवेद्याचे तांदूळ उणे भरले, हुंडीची मोजदाद अर्धवट झाली, देवाच्या शेतावर दुसऱ्याचे नाव चढले, तरी तो स्वतः तक्रार करीत नाही. मालिकांतील गायननला जे भय वाटले, ते येथे उलट बाजूने खरे आहे : ज्याला व्यक्तिमत्त्व दिले पण ज्याची वाचा दुसऱ्याच्या हाती ठेवली, त्याची लूट सर्वांत सोपी. म्हणून देवाला कायद्याने व्यक्ती मानण्यात देवाचा गौरव किती झाला, हे मला ठाऊक नाही. त्याने विश्वस्तांवर, पुजाऱ्यांवर आणि पहाणीचा उतारा कधीच न पाहणाऱ्या आम्हां भक्तांवर जबाबदारी टाकली, एवढे निश्चित. १९६७ च्या निवाड्याने भक्ताला दाव्याचा अधिकार दिला. तो वापरणारे किती, हे ज्याने त्याने आपल्या गावच्या देवळाकडे पाहून ठरवावे.

दामाजीपंतांनी कोठारे उघडली ती स्वतःचा जीव धोक्यात घालून. ज्या रयतेला दरबारात जाऊन बोलता येत नव्हते, तिच्या वतीने. पांडुरंगाने पंतांच्या वतीने भरणा केला. त्या कथेत प्रत्येक जण दुसऱ्या कोणासाठी उभा आहे, आणि कोणीही त्यातून काही उरवून ठेवलेले नाही. म्हणून तिची पावती बिनचूक आहे. आपल्या देवळातील वार्षिक हिशेबाच्या वहीवर सही करताना बिदरच्या त्या पावतीची आठवण राहावी, इतकीच या लेखाची अपेक्षा.